विश्लेषण : पंक्चर झाले तरी गाडी पळते, मग स्टेपनी हवी कशाला? वऱ्हाडच्या रस्त्यांवर ‘रन-फ्लॅट’चा हिशेब

महागड्या गाड्यांच्या डिकीतून स्टेपनी हळूहळू नाहीशी होत आहे. तिच्या जागी कुठे हवा गेल्यावरही चालणारे ‘रन-फ्लॅट’ टायर आले, तर कुठे पंक्चर बुजवण्याच्या द्रवाची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. जागा वाचते, वजन घटते, रस्त्यात थांबावे लागत नाही, असे त्याचे फायदे सांगितले जातात. मात्र अमरावती, अकोला आणि समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्यांसाठी हा सौदा कितपत फायद्याचा आहे? वजन, उष्णता, अंतर आणि रस्ता या चार बाजूंनी त्याचा हिशेब.

चर्चा आता कशासाठी?

गेल्या काही वर्षांत वऱ्हाडातील प्रवासाचे स्वरूप बदलले. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आता ५३ झाला. त्याच्या अमरावती-अकोला टप्प्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीची डांबरी काँक्रीटची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आली आणि तिची नोंद गिनीज बुकात झाली. त्यापूर्वी वर्षानुवर्षे याच रस्त्याच्या खड्ड्यांनी वाहनचालकांना जेरीस आणले होते. पाठोपाठ ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग वाहतुकीसाठी उपलब्ध झाला. अमरावती जिल्ह्यात तो धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. अकोलेकरांना तो मूर्तिजापूरमार्गे कारंजाला गाठता येतो.

रस्ता बदलला तसा वेगही बदलला. ताशी ७०-८० किलोमीटरने जाणारी गाडी समृद्धीवर १२० च्या मर्यादेला टेकून तासन् तास धावू लागली. त्याच काळात गाड्या जड झाल्या, चाके मोठी झाली, टायरची उंची कमी झाली. त्यामुळे टायरचा प्रश्न आता गॅरेजपुरता राहिलेला नाही. त्यात नवी गाडी घेणाऱ्याला ‘हिच्यात स्टेपनी येत नाही’ असे शोरूममध्ये ऐकावे लागू लागले आहे.

रन-फ्लॅट टायर म्हणजे काय?

साध्या टायरमध्ये गाडीचे ओझे मुख्यतः आतली हवा पेलते. हवा गेली की टायरच्या बाजूच्या भिंती दुमडतात, रिम त्यांच्यावर बसते आणि काही अंतरातच टायर चिरडून निकामी होतो. रन-फ्लॅट टायरच्या बाजूच्या भिंतींत उष्णता सहन करणाऱ्या कडक रबराचा जाड थर असतो. हवा पूर्ण गेली तरी या भिंती काही काळ गाडीचे वजन उचलून धरतात. सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटर अंतर एवढी सांगितली जाते. गाडी भरलेली असेल, ऊन कडक असेल किंवा रस्ता खराब असेल, तर हे अंतर आणखी घटते.

याचा दुसरा एक प्रकार आहे. त्यात टायरच्या आत रिमभोवती कठीण कडे बसवलेले असते. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या चिलखती गाड्यांत आणि लष्करी वाहनांत ही पद्धत वापरली जाते. घरगुती मोटारींमध्ये मात्र जाड भिंतींचाच प्रकार प्रामुख्याने दिसतो.

अशा टायरसोबत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा, म्हणजे ‘टीपीएमएस’, असणे अनिवार्य असते. हवा गेली तरी हा टायर बाहेरून बसलेला दिसत नाही आणि स्टिअरिंगलाही फारसा फरक जाणवत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही, तर आपण पंक्चर टायरवर १२० च्या वेगाने जात आहोत हे चालकाला कळणारच नाही.

ही कल्पना आली कुठून?

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात जादा चाक सोबत नसे. पंक्चर झाले की रस्त्याकडेला बसून टायर उतरवायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचे. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरील डेव्हिस बंधूंनी जादा चाक बाजारात आणले. त्या रस्त्याचे नाव चाकाला चिकटले आणि तेथून ते आपल्याकडच्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी आले. ज्या देशात हा शब्द जन्मला तिथे तो आज फारसा कोणी वापरत नाही. अकोल्यात तो अजून रोज ऐकू येतो.

जादा चाकाला पर्याय शोधण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकात जोरात सुरू झाले. डनलॉपचा ‘डेनोवो’ टायर काही ब्रिटिश गाड्यांत आला, पण रुजला नाही. १९८० च्या दशकात पोर्शेच्या ९५९ या गाडीला ब्रिजस्टोनचे रन-फ्लॅट टायर मिळाले. १९९० च्या दशकात गुडइयरचे टायर कॉर्व्हेटवर आले. २००० नंतर बीएमडब्ल्यूने आपल्या अनेक मॉडेलवर ते सरसकट द्यायला सुरुवात केली आणि हे तंत्रज्ञान खऱ्या अर्थाने पसरले.

या प्रवासातला सर्वांत बोलका अनुभव मिशेलिनच्या ‘पॅक्स’ प्रणालीचा आहे. अमेरिकेत होंडाच्या ओडिसी या कौटुंबिक गाडीच्या महागड्या आवृत्तीत ती दिली गेली. टायर हवेविना चालत होते, अडचण नंतर येत होती. ते उतरवायला आणि बसवायला खास यंत्र लागे आणि असे यंत्र मोजक्याच दुकानांत होते. ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर मिशेलिनने या प्रणालीचा पुढील विकास थांबवला. टायरची गुणवत्ता आणि तो दुरुस्त करणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसले. वऱ्हाडचा विचार करताना हाच मुद्दा कळीचा ठरतो.

स्टेपनी काढल्याने गाडीचे वजन घटते का?

घटते, पण ते कुठे घटते आणि कुठे वाढते हे पाहायला हवे. टायर, रिम, जॅक आणि पाना मिळून स्टेपनीचे ओझे साधारण १५ ते २५ किलो असते. रन-फ्लॅट टायर त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा आकारानुसार एक ते तीन किलोने जड असतो. चार टायरचे मिळून चार ते बारा किलो वाढले, असे धरले तरी एकूण गाडी हलकीच होते. कंपन्या इंधनबचतीसाठी आणि डिकीतील जागेसाठी हा बदल का करतात, ते यावरून कळते.

मात्र सगळे वजन सारखे नसते. डिकीत ठेवलेले २० किलो सस्पेन्शनच्या वर असतात, स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर त्यांना सांभाळून घेतात. चाकावर वाढलेले दोन-तीन किलो स्प्रिंगच्या खाली असतात. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक सांध्यावर ते चाकासोबत वर-खाली आपटतात. चाक जड झाले की ते रस्त्याला चिकटून राहणे अवघड होते आणि धक्का थेट आत येतो. शिवाय चाक फिरते, त्यामुळे त्याच्या कडेचे वजन वाढवायला आणि थांबवायला अधिक शक्ती लागते. थोडक्यात, रन-फ्लॅटमध्ये गाडीचे एकूण वजन कमी होते आणि नको त्या ठिकाणचे वजन वाढते.

बीएमडब्ल्यूच्या सुरुवातीच्या रन-फ्लॅट गाड्यांबाबत जगभर ‘गाडी कडक चालते’ ही तक्रार होती, ती याच कारणामुळे. जड चाक आणि न दबणारी भिंत असा तो दुहेरी परिणाम होता. नंतरच्या पिढ्यांत टायर मऊ झाले, सस्पेन्शन त्यांच्यानुसार जुळवले गेले आणि फरक बराच कमी झाला, तरी संपला नाही.

गाड्यांच्या वाढत्या वजनाचा टायरशी काय संबंध?

मारुती ८०० जेमतेम साडेसहाशे किलोची होती. आज घराघरांत दिसणारी मध्यम एसयूव्ही सव्वा ते दीड टनाची असते, मोठी सात आसनी गाडी पावणेदोन टनांच्या पुढे जाते. विजेवर चालणारी गाडी बॅटरीमुळे त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन-तीनशे किलोने जड असू शकते. हे सगळे वजन तळहाताएवढ्या चार ठशांवरून रस्त्यावर उतरते.

प्रत्येक टायरवर त्याची भारक्षमता अंकात छापलेली असते. उदाहरणार्थ, मापानंतर ‘९१’ असा आकडा असेल तर एक टायर ६१५ किलो पेलू शकतो. ‘९५’ असेल तर ६९० किलो. आता १,३०० किलोची गाडी घ्या. त्यात पाच माणसे बसली आणि लग्नाचे ऐंशी किलो सामान भरले, तर एकूण भार १,७३० किलोच्या आसपास जातो. मागच्या चाकांवर त्यातला मोठा वाटा येतो, म्हणजे एकेका चाकावर पावणेपाचशे किलो. ६१५ च्या टायरला हे सहज झेपते. मात्र ही क्षमता पूर्ण हवा असतानाची आहे. दाब ३५ पीएसआयवरून २५ वर आला, की तीच क्षमता पाचशेच्या खाली उतरते. गाडी तीच, सामान तेच. पण टायर आता मर्यादेच्या काठावर असतो. त्यात वेग १२०.

वेगाचे गणित आणखी निष्ठुर आहे. ८० वरून १२० वर गेल्यावर वेग दीडपट होतो, तर गाडीत साठलेली गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. टायर निकामी झाल्यावर चालकाला याच ऊर्जेशी झुंजावे लागते.

समृद्धीवर उन्हामुळे टायर फुटतात, हे खरे आहे का?

पूर्ण खरे नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. मे २०२४ च्या अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाने तेथे कलम १४४ लागू केले होते. तरीही निव्वळ उन्हाने धडधाकट टायर फुटत नाही. सकाळी ३० अंशांत ३३ पीएसआय हवा भरली आणि टायरमधील हवा ७० अंशांपर्यंत तापली, तर दाब ३९ पीएसआयच्या घरात जातो. चांगल्या टायरसाठी ही वाढ क्षुल्लक आहे. ती गृहीत धरूनच थंड टायरचा दाब ठरवलेला असतो. म्हणूनच ‘उन्हाळा आहे, हवा थोडी कमीच भरा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला उलटा आहे.

हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते आणि सुटते. या सततच्या वाकण्याने रबर आतून तापते. तापमान वाढत गेले की रबर आणि आतल्या तारांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि एका क्षणी टायर फाटतो. बाहेरचे ऊन या प्रक्रियेला मदत करते, सुरुवात मात्र कमी हवा, जादा भार, जुने रबर आणि सलग वेग यांनी होते. सिमेंट काँक्रीटचा रस्ता टायर फोडतो, या समजातही फारसे तथ्य नाही. फिक्या रंगाचे काँक्रीट काळ्या डांबरापेक्षा कमी उष्णता शोषते. फरक पडतो तो या रस्त्यावर न थांबता गाठता येणाऱ्या वेगाने. नायट्रोजन भरल्याने टायर फुटत नाही, हाही असाच एक समज. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तो तापल्यावर तसाच प्रसरण पावतो.

‘टायर फुटला’ हे कारण आपल्याकडे किती पटकन पुढे येते, याचे उदाहरण १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीचे आहे. नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने घटनास्थळाच्या पाहणीनंतर दिलेल्या अहवालात मात्र टायर फुटल्याची शक्यता फेटाळली; तेथे रबराचे तुकडे किंवा तशा खुणा सापडल्या नव्हत्या. टायरला दोष दिला की माणसाच्या चुकीचा प्रश्न बाजूला पडतो. म्हणून या दाव्याची तपासणी महत्त्वाची असते.

वऱ्हाडात रन-फ्लॅटचे तोटे कोणते?

पहिला तोटा रस्त्यांचा. येथील बरेच रस्ते काळ्या कपाशीच्या जमिनीवरून जातात. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे वरचा रस्ता लाटांसारखा वर-खाली होतो, कडा खचतात. महामार्ग गुळगुळीत झाला तरी तो सोडून गावाकडे वळताच कडा तुटलेला डांबरी रस्ता आणि पुढे पांदण लागते. रन-फ्लॅट टायर बहुधा कमी उंचीचे असतात. १६५/८० मापाच्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच असते, तर २२५/४५ ची १०१ मिलिमीटर. उंची कमी आणि भिंत कडक, म्हणजे खड्ड्याचा धक्का गिळायला वाव कमी. मग रिम वाकते किंवा भिंतीला फुगा येतो. आणि भिंतीला इजा झालेला टायर, रन-फ्लॅट असो की साधा, दुरुस्त होत नाही.

दुसरा तोटा दुरुस्तीचा. शेतरस्त्यावर बाभळीचा काटा किंवा खिळा लागणे ही नेहमीची गोष्ट. साध्या ट्यूबलेस टायरला चौकातला पंक्चरवाला दहा मिनिटांत पट्टी भरून देतो. रन-फ्लॅट हवेविना किती अंतर आणि किती वेगाने चालला, हे बाहेरून ओळखता येत नाही. भिंत आतून भाजलेली असू शकते. म्हणून अनेक उत्पादक असा टायर दुरुस्त न करता बदलण्याचा सल्ला देतात. दहा मिनिटांच्या कामाच्या जागी नवा टायर विकत घ्यावा लागतो. कडक भिंतीमुळे तो रिमवरून उतरवायलाही चांगले यंत्र आणि सरावलेला हात लागतो. पहार घालून उतरवण्याचा प्रयत्न केला, तर टायरसोबत आतला दाबाचा सेन्सरही जातो.

तिसरा तोटा उपलब्धतेचा. नेहमीच्या गाड्यांचे टायर तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. विशिष्ट मापाचा, विशिष्ट भारक्षमतेचा रन-फ्लॅट मात्र मोठ्या शहरातून मागवण्याची वेळ येते. तोवर गाडी उभी. दोन चाकांवर रन-फ्लॅट आणि दोनवर साधे, अशी तडजोड करणे सुरक्षित नसते. एकाच अ‍ॅक्सलवर तर मुळीच नाही. शिवाय किंमत साध्या टायरपेक्षा चढी असते. नेहमीच्या विमा पॉलिसीत केवळ टायरचे नुकसान भरून मिळत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

८० किलोमीटरचा हिशेब कसा जमतो?

ज्या देशांत हे टायर रुजले, तेथे ८० किलोमीटरच्या आत सुसज्ज वर्कशॉप सापडण्याची शक्यता मोठी असते. हेच माप येथे लावून पाहू. अमरावती-अकोला अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. मूर्तिजापूरजवळ पंक्चर झाले तर दोन्ही शहरे टप्प्यात आहेत. म्हणजे तुम्ही शहरात पोहोचाल. टायर तेथे मिळेलच असे नाही. उद्या सकाळी नागपूरला पोहोचायचे असेल, तर पंक्चर टायरवर पुढचे दीडशे किलोमीटर जाता येणार नाही.

मेळघाटात हिशेब आणखी बिघडतो. धारणी ते अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, धारणी ते परतवाडा नव्वदच्या आसपास. वाट सेमाडोहच्या जंगलातून आणि घाटातून जाते. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. ८० किलोमीटरची मर्यादा येथे परतवाड्याच्या अलीकडेच संपते, आणि तीही सपाट रस्त्यावरची मर्यादा आहे. डिकीत स्टेपनी असेल, तर हेच काम वीस मिनिटांचे आणि पुढचा प्रवास पूर्ण. चिखलदऱ्याला कुटुंबासह निघालेल्या माणसासाठी हा फरक सोयीपुरता राहत नाही. काळोखात, जंगलात अडकून पडायचे की घरी पोहोचायचे, एवढा तो मोठा असतो.

मग रन-फ्लॅटचा उपयोग काहीच नाही का?

आहे, आणि तो नेमका समृद्धीसारख्या रस्त्यावर आहे. द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी उभी करून चाक बदलणे हे अत्यंत धोक्याचे काम आहे. मागून १२० च्या वेगाने येणाऱ्या चालकाला उभी गाडी उशिरा दिसते. रात्री, पावसात किंवा चालकाला डुलकी लागली असताना तर दिसतच नाही. उभ्या वाहनावर आदळून झालेले अपघात या मार्गाने पाहिले आहेत. अशा वेळी न थांबता पुढच्या इंटरचेंजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत जाता येणे, हा जीव वाचवणारा फायदा आहे. वेगात अचानक हवा गेली तरी टायर रिमवरून निसटत नाही आणि गाडी ताब्यात राहण्याची शक्यता वाढते, हाही मोठा लाभ. एकट्याने प्रवास करणारी स्त्री, वृद्ध चालक, जॅक लावण्याची ताकद नसलेली व्यक्ती यांच्यासाठी तो आणखी मोलाचा.

तरीही रन-फ्लॅट संकटाचा शेवटचा तुकडा सांभाळतो. हवा का गेली, भार किती होता, टायर किती जुना होता, या आधीच्या प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नाही. कमी हवेवर, जास्त भाराने, उन्हात पळवलेला रन-फ्लॅट टायरही तापतो आणि निकामी होतो.

डिकीतल्या द्रवाच्या बाटलीचे काय? ती टायरच्या तळातील खिळ्याएवढे छिद्र बुजवते. भिंत फाटली, मोठा काप गेला किंवा रिम वाकली, तर तिचा उपयोग शून्य. खड्ड्यांच्या रस्त्यावर नेमके हेच प्रकार अधिक होतात.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्ती संच असेल, तर स्टेपनी बंधनकारक राहिली नाही. बॅटरीसाठी जागा मिळावी, हेही त्यामागचे एक कारण होते. म्हणजे स्टेपनी नसलेली गाडी विकणे बेकायदा नाही. ती निवड ग्राहकाची आहे.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२३ मधील निर्णय महत्त्वाचा आहे. २०१० साली पुणे-मुंबई प्रवासात मागचा टायर फुटून झालेल्या अपघातात एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली होती. टायर फुटणे ही देवाची करणी आहे, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो नाकारला. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर आणि तापमान अशा कारणांनी टायर फुटतो आणि प्रवासापूर्वी त्याची स्थिती तपासणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. टायर फुटण्याकडे ‘नशीब’ म्हणून पाहण्याच्या सवयीला हे कायदेशीर उत्तर आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायरची तपासणी सुरू केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या, तीही याच विचाराने.

ग्राहकाने काय पाहावे?

गाडी घेताना डिकीचे झाकण उचलून स्टेपनी आहे का, ती पूर्ण मापाची आहे की बारीक तात्पुरती, हे पाहावे. नसेल तर ती ठेवायला खाचा आहे का आणि कंपनी ती जादा पैशांत देते का, हे विचारावे. रन-फ्लॅट असतील, तर त्याच मापाचा टायर अमरावतीत किंवा अकोल्यात किती दिवसांत मिळतो, हे गाडी नोंदवण्यापूर्वी टायर विक्रेत्याकडून जाणून घ्यावे. टायर खराब झाल्यावर काही मालक साधे टायर बसवतात. ते चालते, मात्र भारक्षमता आणि वेगमर्यादा मूळ टायरइतकीच हवी, दाबाची यंत्रणा चालू ठेवावी आणि स्टेपनीची सोय करावी. उलट, ज्या गाडीत टीपीएमएस नाही तिला रन-फ्लॅट बसवू नयेत.

टायर कोणताही असो, काही गोष्टी बदलत नाहीत. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी आणि दरवाजाच्या चौकटीवरील तक्त्यानुसार भरावी. पूर्ण भारासाठी तेथे वेगळा आकडा दिलेला असतो. टायरच्या भिंतीवरील चार अंकी निर्मिती सांकेतांक पाहावा. ‘२३२२’ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला, मग तो वरून कितीही चकचकीत दिसो. आणि स्टेपनीतली हवाही महिन्यातून एकदा तपासावी. वर्षभर न पाहिलेली स्टेपनी ऐनवेळी बसलेली निघाली, तर ती असून नसल्यासारखीच.

पुढे काय?

विजेच्या गाड्या वाढतील तशी बॅटरीला जागा लागेल आणि स्टेपनी आणखी कमी होत जाईल, हे उघड आहे. जड गाड्यांसाठी अधिक भार पेलणारे टायर येतील, रन-फ्लॅटही मऊ आणि स्वस्त होतील. तोवर सेवा पोहोचवण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर राहते. ज्या जिल्ह्यांत स्टेपनी नसलेल्या गाड्या विकल्या जातात, त्या जिल्ह्यांत त्यांचे टायर आणि ते बसवणारी यंत्रे उपलब्ध असावीत, एवढी अपेक्षा गैर नाही. समृद्धीवर ठरावीक अंतरावर टायर बदलून देणारी, रात्रभर सुरू असणारी केंद्रे असतील, तर कडेला जॅक लावण्याची वेळच कमी येईल. ती सोय होईपर्यंत धारणीहून परतवाड्याकडे निघालेल्या गाडीच्या डिकीत हवा भरलेली स्टेपनी असणे, हाच शहाणपणाचा हिशेब ठरतो.